पकडलेलं जहाज परत सोडवलं तर ते कोणाचं? सगळा खेळ तारखांचा

प्रश्न असा आहे की जुन्या लढायांमध्ये प्रायव्हेटियरनी, म्हणजे सरकारी परवाना घेऊन शत्रूची व्यापारी जहाजं पकडत हिंडणाऱ्या खाजगी जहाजांनी, एखादं जहाज पकडलं आणि ते त्यांच्या बंदरात पोचायच्या आत आपल्याच बाजूच्या कोणीतरी ते सोडवलं, तर मूळ मालकाला ते तसंच परत मिळायचं का, विमेवाले पैसे द्यायचे का, आणि खलाशांचं काय व्हायचं.

जहाज परत मिळायचं, पण फुकट नाही. किती हिस्सा द्यावा लागेल हे कोणी सोडवलं आणि किती तासांनी सोडवलं यावर, आणि विम्याचे पैसे मिळतील की नाही हे मालकानं विमेवाल्याला पत्र कुठल्या तारखेला लिहिलं यावर. समुद्रात कोण जिंकलं हा भाग त्या मानानं दुय्यम. मी मुंबईत मरीन क्लेम्समध्ये बरीच वर्षं काढली आहेत, आणि आजही एखादं जहाज कोणी धरून ठेवलं की वकील मंडळी याच अडीचशे वर्षांपूर्वीच्या केसेस काढून बसतात, त्यामुळे हे प्रकरण माझ्यासाठी नुसता इतिहास नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. प्रायव्हेटियर हा धंदा होता. चार सावकार एकत्र येऊन जहाज, तोफा, दारूगोळा, माणसं उभी करायचे, सरकारकडून लेटर ऑफ मार्क नावाचा परवाना घ्यायचे, त्यासाठी जामीन भरायचे, आणि मग जे पकडतील ते विकून वाटून घ्यायचे. इंग्लंडात 1708 च्या कायद्यानं पकडलेल्या मालाचा सगळा फायदा पकडणाऱ्यांनाच दिला, राजानं आपला वाटा सोडला, म्हणून तर एवढी माणसं त्यात उतरली. बऱ्याच जहाजांवर खलाशांना पगार नसायचाच, शिकार मिळाली तर वाटा, नाही मिळाली तर हात हलवत घरी. म्हणजे जहाज बुडवून कोणालाच काही मिळत नव्हतं. ते धडधाकट अवस्थेत बंदरात न्यायचं, प्राइझ कोर्टात उभं करायचं, (पकडलेल्या जहाजाला प्राइझ म्हणतात), कोर्टानं 'हा शत्रूचा माल आहे, कायदेशीर लूट आहे' असा निकाल दिला की मगच लिलाव. कोर्टाचा कागद नसेल तर घेणाऱ्याला पक्का मालकी हक्क नाही, आणि कागदाशिवाय विकणारा हा समुद्री चाचाच.

आता इथेच सोडवणुकीला जागा निर्माण होते. पकडलेल्या जहाजावर आपली थोडी माणसं चढवायची, एक प्राइझ मास्टर नेमायचा, मूळ खलाशांपैकी बहुतेकांना आपल्या जहाजावर घ्यायचं म्हणजे बंड होणार नाही, आणि त्या जहाजाला म्हणायचं जा बाबा आता बायॉन, सँ मालो, डंकर्क अशा एखाद्या फ्रेंच बंदरात. स्वतः मात्र पुढच्या शिकारीला. तीन-चार जहाजं पकडली की प्रायव्हेटियरवरची माणसं निम्मी व्हायची आणि पकडलेली जहाजं पाच-सहा माणसांच्या जिवावर, तोफा चालवायला हात नाहीत अशा अवस्थेत शत्रूच्या गस्तीतून जायची. फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर इंग्रज फ्रिगेटी, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजं, याच गिऱ्हाइकांची वाट बघत उभ्या असायच्या. आपल्या बाजूला बघायचं तर फ्रेंच प्रायव्हेटियर रॉबर्ट स्युरकूफनं 7 ऑक्टोबर 1800 ला बंगालच्या उपसागरात केंट हे ईस्ट इंडिया कंपनीचं मोठं जहाज पकडलं, पण ते नेऊन विकायचं कुठे तर थेट मॉरिशसला, पोर्ट लुईला. ते पोचलं. पण तेवढ्या लांबच्या वाटेवर कुठेही इंग्रज जहाज आडवं आलं असतं तर कमाई पाण्यात. लॉइड्स लिस्ट या लंडनच्या जहाजांच्या बातमीपत्राचे त्या काळातले अंक चाळले तर ओळीच्या ओळी अशाच, अमुक जहाज तमुक बंदरातून निघालेलं, फ्रेंच प्रायव्हेटियरनं पकडलं, नंतर सोडवलं आणि प्लिमथला आणलं. एका ओळीत मालकाचा जीव जाऊन परत येतो.

मग सोडवणाऱ्याचा हिस्सा. त्याला सॅल्व्हेज म्हणतात. इंग्लंडात 18व्या शतकाच्या मधल्या लढायांमधले प्राइझ कायदे असे होते की राजाच्या आरमारी जहाजानं सोडवलं तर किमतीचा आठवा हिस्सा, कितीही वेळ गेला असला तरी. पण प्रायव्हेटियरनं सोडवलं तर मीटर चालू. शत्रूच्या ताब्यात 24 तासांच्या आत असेल तर आठवा, 24 ते 48 तास झाले असतील तर पाचवा, 48 ते 96 तासांपर्यंत तिसरा, आणि 96 तासांच्या वर गेलं की सरळ निम्मं. निम्मं! म्हणजे तुमचं जहाज तुमच्याच देशाच्या माणसानं सोडवून आणलं आणि तुम्ही त्याला अर्धी किंमत मोजायची तेव्हा ते तुमच्या ताब्यात.

असा तक्ता असला की भांडण कशावरून होणार हे सांगायला नको. पकडलं नेमकं कधी, झेंडा उतरवला तेव्हा की प्राइझ मास्टर चढला तेव्हा, कोणाची लॉगबुक खरी मानायची. आणि मला विचाराल तर तक्ताच चुकीचा होता. जो माणूस जितका उशिरा सोडवेल त्याला तितके जास्त पैसे, म्हणजे शत्रूचं प्राइझ दिसलं तरी उद्यापर्यंत मागेमागे राहण्यातच त्याचा फायदा. कोणी मुद्दाम तसं केलं असा आरोप मी करत नाही, पण कायदा माणसाला काय शिकवतो ते बघायला नको का. पुढे 1793 च्या कायद्यात हा मीटर काढून टाकला, आरमाराला आठवा आणि प्रायव्हेटियरला सहावा असा सपाट दर केला, आणि माझ्या मते ते शहाणपणाचं होतं.

फ्रेंचांचा नियम आणखी कडक. 1681 च्या त्यांच्या आरमारी फर्मानाप्रमाणे 24 तासांच्या आत सोडवलं तर तिसरा हिस्सा देऊन मालकाला परत, आणि 24 तास उलटले की जहाज सोडवणाऱ्याचंच, मूळ मालकानं विसरून जायचं. त्यांचं म्हणणं, एक अख्खा दिवस शत्रूनं ते टिकवून धरलं म्हणजे ते शत्रूचं झालं, आता आम्ही ते शत्रूकडून जिंकलंय. मग मित्रदेशाचं जहाज सोडवलं तर कुठला नियम लावायचा? लंडनच्या ॲडमिरल्टी कोर्टात न्यायाधीश सर विल्यम स्कॉटनं 1798 मध्ये सांता क्रूझ नावाच्या पोर्तुगीज जहाजाच्या केसमध्ये सांगितलं की तुम्ही आमच्या जहाजांना जसं वागवता तसं आम्ही तुमच्या जहाजांना वागवू. जशास तसं, पण कोर्टाच्या भाषेत.

आता विम्याकडे येतो, हा माझा प्रांत. दोन केसेस सांगतो, दोन्ही इंग्लंड-फ्रान्समधल्या सात वर्षांच्या युद्धातल्या, दोन्ही इंग्लंडचा मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डपुढे आलेल्या, आणि वरवर बघितलं तर सारख्याच. निकाल मात्र बरोब्बर उलटे.

पहिली गॉस विरुद्ध विदर्स, निकाल 1758 चा. जहाजाचं नाव डेव्हिड अँड रिबेका, न्यूफाउंडलंडहून मासळी भरून पोर्तुगाल-स्पेनकडे निघालेलं. वादळात ताफ्यापासून तुटलं, जहाजाला मार बसला, थोडा माल समुद्रात फेकावा लागला, आणि या अवस्थेत 23 डिसेंबर 1756 ला फ्रेंचांच्या हाती लागलं. कप्तान, मेट (म्हणजे कप्तानाचा दुय्यम), खलाशी सगळे उचलून फ्रान्सला नेले, जहाजावर जुन्यांपैकी राहिले फक्त एक शिकाऊ पोरगा आणि एक नवखा गडी. आठ दिवस ते फ्रेंचांकडे होतं, मग एका इंग्रज प्रायव्हेटियरनं सोडवलं आणि 18 जानेवारीला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनला आणलं. मालकांनी बातमी कळल्याबरोबर विमेवाल्यांना कळवलं की जहाज आणि माल आम्ही तुमच्यावर सोडतो, आम्हाला पूर्ण रक्कम द्या. आमच्या धंद्यात याला नोटीस ऑफ अबँडनमेंट म्हणतात. विमेवाले म्हणाले, अहो जहाज तर आपल्याकडे परत आलंय, टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान, कसला?

आता त्या मालकाच्या जागी बसून हिशोब करा. आठ दिवस म्हणजे 96 तासांच्या कितीतरी वर, म्हणजे अर्धी किंमत सॅल्व्हेजमध्ये गेली. जहाज वादळात खिळखिळं झालेलं, दुरुस्तीशिवाय पुढे जाऊ शकत नाही. माणसं फ्रान्सच्या तुरुंगात. आणि माल मासळीचा, तो जहाजाची दुरुस्ती होण्याआधीच तिथे सडून गेला. प्रवासच संपला. मॅन्सफील्ड म्हणाला की मालकी कायद्यानं शत्रूकडे गेली की नाही गेली याच्याशी विम्याचं काही देणंघेणं नाही, 24 तासांचा वाद मूळ मालक आणि सोडवणारा यांनी आपापसात घालावा, विमेवाला आणि मालक यांच्यात प्रश्न एवढाच की नुकसान झालं का. आणि इथे झालं. मालक जिंकले.

दुसरी हॅमिल्टन विरुद्ध मेंडिस, 1761. जहाज सेल्बी, व्हर्जिनिया-मेरीलंडकडून लंडनला तंबाखू घेऊन येणारं. 6 मे 1760 ला बायॉनच्या ऑरोर नावाच्या फ्रेंच प्रायव्हेटियरनं पकडलं, मेट आणि एक माणूस सोडून सगळ्यांना काढून घेतलं. 23 मे ला, बायॉन अगदी समोर आलेलं असताना, साउथॅम्प्टन या इंग्रज आरमारी जहाजानं ते सोडवलं. 6 जूनला प्लिमथला आलं. तंबाखूला काही झालेलं नव्हतं, जहाजही ठीक. सोडवणारं जहाज राजाचं, म्हणजे हिस्सा आठवाच. आणि मालकानं नोटीस कधी दिली? 26 जूनला. जहाज सुखरूप आल्यावर वीस दिवसांनी! विमेवाले म्हणाले सॅल्व्हेज देतो, झालेला खर्च देतो, पण जहाज आमच्या गळ्यात मारू नका. मॅन्सफील्डनं विमेवाल्यांची बाजू घेतली. विमा म्हणजे नुकसानभरपाई, आणि तुम्ही दावा केला त्या दिवशी नुकसान किती होतं ते बघायचं. धोका टळून गेल्याचं माहीत असताना मागे जाऊन 'एकदा पकडलं होतं ना' म्हणून पूर्ण रक्कम मागता येणार नाही. नाहीतर काय होईल हेही त्यानं ओळखलं होतं, बाजारात भाव पडला की प्रत्येक व्यापारी जहाज विमेवाल्यावर सोडून मोकळा होईल आणि भाव चढला की स्वतःकडे ठेवेल.

हे भाव पडण्या-चढण्याचं वाक्य वाचताना मला नेहमी हसू येतं कारण क्लेमवाल्याच्या टेबलावर आजही हेच चालतं, फक्त तंबाखूच्या जागी पामतेल आलंय.

जुन्या पॉलिसीत हे सगळे धोके नावानिशी लिहिलेले असायचे. लॉइड्सनं 1779 मध्ये जो नमुना पक्का केला त्यात लढाऊ जहाजं, आग, शत्रू, चाचे, चोर आणि हो, लेटर्स ऑफ मार्ट अँड काउंटरमार्ट, म्हणजे परवानेवाले प्रायव्हेटियर, सुद्धा. हाच मजकूर आपल्या 1963 च्या मरीन इन्शुरन्स ॲक्टच्या परिशिष्टात आहे, काढून बघा, प्रायव्हेटियर बंद होऊन शंभरावर वर्षं झाली होती तरी आपण तो तसाच ठेवला. बंद कधी झाले तर 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्यानं, क्रिमियन युद्धानंतर. अमेरिकेनं त्यावर सही केली नव्हती ही गंमत वेगळी.

खंडणीचा एक तिसरा रस्ता होता, तो लोकांना माहीत नसतो. प्रायव्हेटियरकडे चढवायला माणसंच उरली नसतील तर तो कप्तानाला म्हणायचा, एवढे पैसे द्यायचं लिहून दे, एक माणूस ओलीस म्हणून आमच्याकडे ठेव आणि जा. तो कागद म्हणजे रॅन्सम बिल, आणि ते दाखवलं की त्याच देशाचा दुसरा प्रायव्हेटियर परत पकडायचा नाही. ओलीस राहिलेला माणूस पैसे येईपर्यंत फ्रान्सच्या तुरुंगात सडायचा. 1765 ची रिकॉर्ड विरुद्ध बेटनम ही केस अशीच, ओलीस तुरुंगातच मेला, तरी इंग्लंडच्या कोर्टानं सांगितलं की लिहून दिलेले पैसे द्यावे लागतील, ओलीस ही फक्त जादाची तारण होती. शेवटी 1782 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं खंडणी देण्यावरच बंदी घातली. कारण सरळ आहे, खंडणी दिली की सोडवणुकीचा चान्सच संपतो आणि शत्रूला आपली माणसं न गुंतवता पैसे मिळतात.

आता, सोडवणारे जर जहाजावरचेच कैदी असतील तर? याची सगळ्यात भन्नाट गोष्ट गिडियन ओल्मस्टेडची. अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा हा माणूस स्वातंत्र्ययुद्धात, 1778 मध्ये, इंग्रजांच्या हाती लागला आणि त्याला इतर तिघांबरोबर ॲक्टिव्ह नावाच्या जहाजावर कामाला जुंपलं, जमैकाहून न्यूयॉर्कला इंग्रज सैन्यासाठी माल चाललेला. एका रात्री या चौघांनी कप्तान आणि खलाशांना खाली कोंडलं, जहाज ताब्यात घेतलं आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्याकडे वळवलं. किनारा जवळ आला आणि तेवढ्यात पेनसिल्व्हेनिया राज्याचं कन्व्हेन्शन हे जहाज आडवं आलं, आणि म्हणालं की हे प्राइझ आमचं. राज्याच्या कोर्टात ज्यूरीनं ओल्मस्टेड मंडळींना फक्त चौथा हिस्सा दिला, बाकीचा राज्याला आणि तिथेच जवळपास असलेल्या एका प्रायव्हेटियरला. काँग्रेसच्या अपील समितीनं निकाल फिरवून सगळं ओल्मस्टेडला दिलं. राज्य म्हणालं आम्ही तुमची समिती मानत नाही. झालं, इथून तीस वर्षं. अपिलाला पैसा पुरवणाऱ्यांत बेनेडिक्ट आर्नल्ड होता, तोच पुढे फितूर झालेला. राज्याच्या वाट्याचे पैसे खजिनदार डेव्हिड रिटनहाउसकडे होते, हा माणूस खरा खगोलशास्त्रज्ञ, तो 1796 मध्ये वारला आणि प्रकरण त्याच्या मुलींच्या गळ्यात पडलं. 1809 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या जॉन मार्शलनं ओल्मस्टेडच्या बाजूनं हुकूम दिला तर गव्हर्नरनं त्या बायकांच्या घराभोवती मिलिशिया उभी केली, संगिनी रोखून कोर्टाचा हुकूम बजावायला आलेल्या अधिकाऱ्याला आत जाऊ दिलं नाही. अखेर राज्यानं माघार घेतली, पैसे दिले. अमेरिकेत केंद्राचं कोर्ट मोठं की राज्य मोठं हा प्रश्न एका छोट्या जहाजाच्या सॅल्व्हेजवरून तापला होता हे किती जणांना माहीत असेल.

अजून एक अपवाद सांगायलाच हवा, कारण प्रश्नात 'मूळ मालकाला परत मिळायचं का' असं आहे. शत्रूनं ते जहाज दरम्यान स्वतःचं लढाऊ जहाज म्हणून वापरलं असेल तर मूळ मालकाचा हक्क गेला, सोडवणाऱ्याला ते पूर्ण मिळायचं. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या 1812 च्या युद्धातलं लिव्हरपूल पॅकेट हे प्रायव्हेटियर बघा. कॅनडात नोव्हा स्कोशियामध्ये लिव्हरपूल नावाचं गाव आहे, तिथलं हे जेमतेम 53 फुटांचं स्कूनर, आधी गुलामांच्या व्यापारात होतं, जप्त झालं आणि 1811 मध्ये हॅलिफॅक्सच्या लिलावात ईनॉस कॉलिन्सनं घेतलं. कप्तान जोसेफ बार्स. केप कॉडच्या आसपास या एवढ्याशा होडक्यानं अमेरिकन व्यापाऱ्यांच्या नाकी नऊ आणले, पन्नासच्या आसपास जहाजं पकडली. जून 1813 मध्ये अमेरिकेच्या थॉमस या मोठ्या प्रायव्हेटियरनं तिलाच पकडलं, अमेरिकनांनी तिला आपली प्रायव्हेटियर केली, नाव बदलून पोर्ट्समथ पॅकेट ठेवलं, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये इंग्रज आरमाराच्या फँटोमनं ती परत पकडली. कॉलिन्सला तीच बोट पुन्हा लिलावात पैसे मोजून घ्यावी लागली, जुनं नाव परत लावलं आणि पुन्हा धंद्याला. बार्स मात्र तुरुंगातून सुटला तो परत प्रायव्हेटियरिंग करणार नाही या अटीवर, म्हणून पुढे केलेब सीली कप्तान. कॉलिन्सनं नंतर 1825 मध्ये भागीदारांबरोबर हॅलिफॅक्स बँकिंग कंपनी काढली आणि कॅनडातल्या बड्या श्रीमंतांत गेला.

कोणीतरी आंग्र्यांचं विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल होते, दस्तक न घेता जाणारं जहाज धरत होते, इंग्रज त्यांना चाचे म्हणत होते, प्रायव्हेटियरच्या चौकटीत ते नीट बसत नाहीत कारण ते स्वतःच आरमार होते. पण सोडवणुकीच्या विषयात विजयदुर्गाचा एक प्रसंग येतोच. तुळाजींनी कंपनीचं रेस्टोरेशन हे जहाज पकडून ठेवलेलं होतं, आणि फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हनी विजयदुर्गावर मारा केला तेव्हा तोफगोळ्यानं आग लागली ती याच जहाजाला, आणि तिथून शेजारी बांधलेल्या आंग्र्यांच्या गुराबांना, म्हणजे लढाऊ गलबतांना. परत मिळवायची वस्तू आधी जळाली आणि आरमार घेऊन गेली. किल्ल्यात मिळालेले सुमारे दहा लाख रुपये इंग्रजांनी आपसात वाटले, बरोबर आलेल्या पेशव्यांच्या माणसांना त्यात काही नाही.

आज प्राइझ कोर्टाशी गाठ क्वचितच पडते, पण तारखांचा खेळ तसाच आहे. ऑगस्ट 2008 मध्ये सोमाली चाच्यांनी बुंगा मेलाती दुआ हे जहाज पकडलं, मालाच्या मालकानं सप्टेंबरात जहाज अजून चाच्यांकडेच असताना नोटीस दिली, आणि दहा-अकरा दिवसांनी खंडणी देऊन जहाज सुटलं. मालक म्हणाले पकडलं तेव्हाच टोटल लॉस. लंडनच्या कोर्टानं ते मान्य केलं नाही, खंडणी देऊन जहाज परत येतं हा तिथला नेहमीचा अनुभव असताना माल कायमचा गेला असं कसं म्हणता. आपल्या 1963 च्या कायद्यातही कसोटी हीच, परत मिळणं 'असंभाव्य' पाहिजे, नुसतं 'अनिश्चित' असून भागत नाही. म्हणून तर वॉर पॉलिसीत, म्हणजे युद्धाच्या धोक्यांच्या विम्यात, बारा महिन्यांचं कलम घालतात, एवढे दिवस जहाज अडकून पडलं की टोटल लॉस धरायचा, आणि बरेच जण जास्त प्रीमियम भरून ते सहा महिन्यांवर आणतात. जहाजमालक असाल तर पॉलिसीतलं हे कलम आधी वाचा. मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकातानं रूएन हे जहाज तीन महिन्यांनी चाच्यांकडून सोडवलं, 35 चाचे मुंबईला आणून पोलिसांच्या ताब्यात दिले, आठवा हिस्सा वगैरे कोणी मागितला नाही, तो काळ गेला.

राहिले खलाशी. त्यांचं उत्तर सगळ्यात वाईट. जुन्या इंग्रजी कायद्यात नियम होता की भाडं कमावलं तरच पगार. माल मुक्कामी पोचला नाही तर जहाजमालकाला भाडं नाही, आणि मालकाला भाडं नाही तर खलाशाला पगार नाही, मग त्यात त्याची चूक असो नसो. जहाज पकडलं गेलं त्या क्षणी पगार बुडाला. सोडवून आणलं, प्रवास पुरा झाला, भाडं मिळालं, तर पगार परत जिवंत, पण त्यातूनही सॅल्व्हेजचा वाटा कापून. डेव्हिड अँड रिबेकाच्या माणसांचा विचार करा, ते फ्रान्समध्ये कैदेत, मासळी मिलफर्डला सडलेली, भाडं शून्य, आणि मालकाच्या हातात विम्याची पूर्ण रक्कम. त्यांच्या पगाराचा विमा उतरवायलाही त्या काळी मनाई होती, म्हणे पगाराची हमी असली की खलाशी जहाज वाचवायला जिवावर उदार होऊन लढणार नाहीत. हा भाडं-नाही-तर-पगार-नाहीचा नियम ब्रिटनमध्ये 1854 च्या मर्चंट शिपिंग ॲक्टनं काढला, म्हणजे प्रायव्हेटियर कायमचे बंद व्हायच्या जेमतेम दोन वर्षं आधी.